वनजमिनीवरच्या मोकाट कुत्र्यांची जबाबदारी कुणाची?

प्रति,
मा. प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव), नागपूर
मा. आयुक्त, पशुसंवर्धन, पुणे
मा. प्रधान सचिव, ग्रामविकास विभाग, मुंबई
आणि माळाकडेच्या गावांचे सरपंच व ग्रामपंचायत सदस्य

महोदय,

या पत्राचा विषय माळरानावरची मोकाट कुत्री हा आहे. गावात, बाजारतळावर, एसटी स्टँडवर फिरणाऱ्या कुत्र्यांबद्दल मी बोलत नाही. त्यांच्याबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत, कोर्टातही आणि पेपरातही. मी बोलतोय ती कुत्री वनविभागाच्या गवताळ पट्ट्यांत, गायरानांत, पाझर तलावांच्या आणि नालाबांधांच्या कडेला राहतात. ती कुणाच्या दारची भाकरी खात नाहीत, हाकेला कान टवकारत नाहीत. माणूस दिसला की पांगतात आणि अंधार पडला की टोळीनं फिरतात. त्यांची पिल्लं समतल चरांत, म्हणजे पाणी जिरवायला उतारावर खोदलेल्या आडव्या चाऱ्यांत, आणि वेड्या बाभळीच्या जाळ्यांत जन्मतात, तिथेच मोठी होतात. या सरकारी जमिनीला लागून ज्यांचे वाडे, म्हणजे मुक्कामाचे तळ, बसतात, त्या मेंढपाळांच्या खांडांवर, म्हणजे मेंढरांच्या कळपांवर, ती तुटून पडतात.

मी धनगराच्या घरातला. घरची माणसं अजून खांड राखतात. मी चार बुकं शिकलो म्हणून नातेवाइकांचे, शेजारच्या वाड्यांचे अर्ज लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. पुरंदर, दौंड, बारामती, इंदापूर, फलटण, माण, कर्जत, करमाळा हा सगळा कमी पावसाचा पट्टा आमचा. पावसाळ्यात इथल्या माळावर गवत असतं तोवर खांडं इथे असतात. दिवाळीनंतर अनेकांची बिऱ्हाडं घोड्यांवर लादून घाटाखाली किंवा बागायती गावांकडे जातात आणि मृगाच्या सुमारास परततात. या सगळ्या वाटेवर वाड्यातली माणसं आधी लांडग्याची काळजी करायची. आता आधी कुत्र्यांची करतात.

लांडगा आणि कुत्री यांच्या हल्ल्यात फरक काय, हे मला जरा तपशिलानं सांगू द्या, कारण पुढचं सगळं त्याच्यावर अवलंबून आहे.

लांडगा येतो तो बहुतेकदा एका जनावरासाठी. खांडातून मागे पडलेलं कोकरू किंवा कडेची मेंढी तो हेरतो, गळ्याला धरतो आणि उचलून नाहीतर ओढून नेतो. वाड्यातली कुत्री भुंकत मागे लागली, माणसं ओरडली, तर कधी टाकून पळतोही. नुकसान होतंच, पण ते एकाचं असतं. आमच्यातली जुनी माणसं लांडगा आपला वाटा नेतो असं म्हणत आली आहेत, आणि तो वाटा गृहीत धरूनच ती पिढ्यानपिढ्या माळावर राहिली.

कुत्र्यांचं तसं नाही. रात्री मेंढरं वाघरीत कोंडलेली असतात. वाघर म्हणजे खुंट्यांवर ताणलेलं दोरीचं जाळं, कमरेएवढं उंच. टोळी आली की कुत्री ते ओलांडून किंवा खालून घुसून आत शिरतात. मेंढरं एका कोपऱ्यात दाटतात, एकमेकांवर चढतात, खालची गुदमरतात. जे पळतं त्याला कुत्री मागून धरतात. मांडीला, कासेला, पोटाला, कानाला चावे घेतात, एक सोडून दुसऱ्यामागे लागतात. खातात फार थोडं. माणसं काठ्या घेऊन पोचेपर्यंत वाघर मोडलेली असते, अर्धी मेंढरं अंधारात उधळलेली असतात, काही आडवी पडलेली असतात.

नुकसान किती झालं ते त्या रात्री कळत नाही. लोकरीखाली दात घुसल्याची छिद्रं दिसत नाहीत. सकाळी एकेक मेंढी पायांत धरून, कात्रीनं लोकर बाजूला करत चाचपावी लागते. एखादी दिसायला धडधाकट असते, चरायलाही जाते, आणि तिसऱ्या दिवशी मागे राहायला लागते. मग लोकर उचलली की आतून वास येतो, जखमेत अळ्या वळवळत असतात. टर्पेंटाइनचा बोळा भरायचा, अळ्या बाहेर आल्या की एकेक काढायच्या, पुन्हा बोळा. हे काम बहुधा बायका करतात. तासन् तास एका जनावराशी बसून. कास फाटलेल्या मेंढीला दूध उतरत नाही आणि तिचं कोकरू दुसरीला लावावं लागतं. ती जवळ घेईलच असं नाही. भेदरलेल्या गाभण मेंढ्या पुढच्या काही दिवसांत गाभ टाकतात. एका रात्रीचा हल्ला असा महिनाभर पुरतो, आणि त्यातलं बरंचसं कुठल्याही पंचनाम्यात येत नाही.

आता पंचनाम्याचं बोलू. लांडगा, बिबट्या, तरस, कोल्हा यांनी जनावर मारलं तर राज्य सरकार भरपाई देतं. त्यासाठी वेळेत खबर द्यायची, मेलेलं जनावर जागचं हलवायचं नाही, वनरक्षक आणि पशुवैद्यक येऊन पाहणार. ही व्यवस्था चांगली आहे आणि अनेक वनरक्षक मनापासून ती राबवतात. पण मोकाट कुत्रं त्या यादीत नाही. भरपाईच्या यादीतला रानकुत्रा म्हणजे जंगलातला कोळसून, तो वेगळा प्राणी आहे, आमच्या माळावर तो नाही. त्यामुळे मांडी फाडलेल्या मेंढीकडे बघून वनरक्षकानं प्रामाणिकपणे ‘हे कुत्र्यांचं काम आहे’ असं लिहिलं, की मेंढपाळाच्या हाती काही येत नाही. गळ्यावर दात दाखवता आले तर पैसे, मांडीवर असतील तर नाही. वाड्यावर त्या सकाळी काय दबाव असतो ते आपल्याला कळेल. साहेब, लांडगाच लिहा, असं हात जोडून म्हणणारी माणसं मी पाहिली आहेत. काही ठिकाणी दयेपोटी तसं लिहिलंही जातं.

त्याचा परिणाम काय होतो? लांडग्याच्या नावावर त्यानं न केलेल्या शिकारी चढतात. नोंदवहीत लांडग्यांचे हल्ले वाढलेले दिसतात. गावात लांडगे फार झालेत अशी बोलवा उठते, आणि मग कुणीतरी मेलेल्या जनावरात औषध कालवून माळावर ठेवतं. ते खाऊन लांडगा मरतो, तरस मरतो, आमच्या वाड्याची कुत्रीही मरतात. लांडगा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या बरोबरीनं. सगळ्या देशात मिळून ते सुमारे तीन हजार उरले असावेत असा अभ्यासकांचा अंदाज आहे. २०१९ च्या पशुगणनेत एकट्या महाराष्ट्रात भटकी कुत्री साडेबारा लाखांहून जास्त भरली. लांडग्याला वाचवायचं तर कुत्र्याचा गुन्हा त्याच्या नावावर लिहिणं आधी थांबलं पाहिजे, आणि ते थांबण्यासाठी कुत्र्याच्या हल्ल्याची वेगळी नोंद आणि वेगळी भरपाई पाहिजे.

वनविभागाला हा आपलाच प्रश्न वाटायला हवा, त्याला आणखीही कारणं आहेत. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, कर्जतजवळचं रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य दोन चौरस किलोमीटरच्या थोडं वर. कुत्र्यांची टोळी एका फेरीत एवढा टापू ओलांडते. चिंकारा आणि काळवीट यांची पाडसं पहिले काही दिवस गवतात निपचित पडून राहतात, कारण न हलणं हेच त्यांचं संरक्षण असतं. ते नजरेनं शिकार शोधणाऱ्यापासून वाचवतं, नाकानं शोधणाऱ्या कुत्र्यापासून नाही. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक पक्ष्याबद्दल तर मी काय सांगावं? १९७९ मध्ये त्याच्यासाठी अभयारण्य झालं, आणि आज तिथे तो दिसणं हीच बातमी असते. माळढोक संपत आला त्याची कारणं अनेक आहेत, पण जो पक्षी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालतो, त्याच्या माळावर कुत्र्यांच्या टोळ्या फिरू देणं त्याला परवडणारं नव्हतं.

रोगराईचा धोका तर त्याहून मोठा. २०१८ मध्ये गीरमध्ये काही आठवड्यांत वीसहून अधिक सिंह मेले आणि त्यांच्यातल्या काहींत कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू सापडला, हे आपल्याला माहीतच आहे. डिस्टेंपर, पार्व्हो, रेबीज हे सगळे रोग कुत्र्यांत असतात आणि लांडगा, कोल्हा, खोकड त्याच टोळ्यांच्या उष्ट्यावर, त्याच पाणवठ्यावर येतात. पुणे जिल्ह्यात लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीत सिद्ध झालं आहे. माळावर कुत्री वाढत राहिली आणि लांडगे कमी होत राहिले, तर लांडगा मारायला कुणाची गरजच उरणार नाही, तो कुत्र्यांतच विरून जाईल. मेंढपाळाचं हित आणि लांडग्याचं हित इथे एक आहे. हे मी वनविभागाला चुचकारण्यासाठी लिहीत नाही, वाड्यावर बसून हेच दिसतं.

आता ही कुत्री तिथे का आहेत? कारण तिथे त्यांना पोटभर खायला मिळतं.

कुठल्याही माळाच्या कडेला, रस्ता जिथे वनहद्दीला लागतो तिथे जाऊन बघा. खाद्याच्या रिकाम्या पोत्यांत भरून टाकलेल्या मेलेल्या कोंबड्या सापडतील. पोल्ट्रीत रोजची मरतूक असतेच, उन्हाळ्यात उष्माघातानं ती वाढते, आणि खड्डा घेऊन पुरण्यापेक्षा रात्री पिकअपमधून आणून ओढ्यात टाकणं सोपं पडतं. पोती फाटलेली असतात, पिसं बाभळीच्या काट्यांना अडकलेली, आणि त्यातून पायवाटा फुटलेल्या असतात, कुत्र्यांच्या पायांनी पडलेल्या. पाऊस पडला की तेच पाणी खालच्या पाझर तलावात जातं, आणि आमची मेंढरं तेच पितात. जवळच चिकन सेंटरचा कचरा, ढाब्यांचं उष्टं, मेलेली गाय किंवा वासरू. गावाचा कचराडेपोही बऱ्याच ठिकाणी गायरानातच.

मेलेलं जनावर माळावर टाकणं ही रीत जुनी आहे, आणि ती चालायची कारण गिधाडं होती. गिधाडांचा थवा उतरला की एक म्हैस थोड्या वेळात हाडांपर्यंत साफ व्हायची. नव्वदच्या दशकात गिधाडं झपाट्यानं मेली. त्याचं कारण जनावरांना देण्यात येणारं डायक्लोफिनॅक होतं, हे पुढे कळलं आणि २००६ मध्ये त्या औषधाचा जनावरांसाठीचा वापर बंद करण्यात आला. पण गिधाडं परत आली नाहीत. मांस मात्र माळावर येतच राहिलं, उलट पोल्ट्रीमुळे वाढलं, आणि ते खायला कुत्री आली. कुत्री कितीही पकडली तरी हे खाद्य बंद झाल्याशिवाय त्यांची संख्या कमी होणार नाही. रिकामी झालेली जागा शेजारच्या गावातली कुत्री येऊन भरतील. तशीही ती भरली जातेच. शहरांतून कुत्री आणून रात्रीतून माळावर सोडणारे टेम्पो आमच्या माणसांनी पाहिले आहेत.

यात एक गोष्ट मनाला फार लागते. मेंढरू चराच्या पलीकडे, वनहद्दीत गेलं की चराईबंदी मोडली म्हणून मेंढपाळाला दंड होतो, कधी खांड अडवलं जातं. वनाचे नियम आम्ही जाणतो, त्यातले बरेच आम्हाला पटतातही. गवत उगवून येण्यासाठी काही भाग बंद ठेवायला हवा, हे मेंढपाळाला शिकवावं लागत नाही. पण त्याच चरात कुत्रीची वीण होते, तिथून उठून टोळी खाली वाड्यावर येते, आणि त्याबद्दल विचारलं की जबाबदार कुणीच नसतं. एका दारात ऐकायला मिळतं की कुत्रं हा वन्यप्राणी नव्हे. दुसऱ्या दारात, जागा आमच्या हद्दीत नाही. तिसरीकडे, जनावर आणा, टाके घालू, कुत्री धरणं आमचं काम नाही. एकेकाचं म्हणणं नियमाला धरून असेल. पण आमची मेंढरं मरायची थांबत नाहीत.

वन्यजीव कायद्यात कलम ३३-अ आहे. अभयारण्यात आणि त्याच्या पाच किलोमीटरच्या आत असलेल्या पाळीव जनावरांचं साथीच्या रोगांविरुद्ध लसीकरण करून घेणं ही मुख्य वन्यजीव रक्षकांची जबाबदारी आहे, आणि लस टोचल्याशिवाय अभयारण्यात जनावर चारता येत नाही. म्हणजे आमच्या मेंढीनं रोग आत नेऊ नये याची काळजी कायद्यानं केव्हाच घेतली आहे. तीच काळजी कुत्र्यांच्या बाबतीत घेतली, तर नवा कायदा करावा न लागता निम्मं काम होईल. पाच किलोमीटरच्या त्या पट्ट्यातली प्रत्येक वस्ती, प्रत्येक वाडा गाठून कुत्र्यांना रेबीज आणि डिस्टेंपरची लस द्या. रेबीजची साखळी तोडायला सत्तर टक्के कुत्र्यांना लस पुरते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. माळाकडेच्या गावांत तो आकडा गाठणं अवघड नाही, कुणाकडे किती कुत्री आहेत हे तिथे सगळ्यांना ठाऊक असतं.

कुत्र्यांना मारून टाका, असं मी म्हणत नाही. वाड्यावर हल्ला झाल्यावर रागाच्या भरात आमची माणसं म्हणतात, आणि तो राग मी समजू शकतो, पण ती मागणी मी या पत्रात करणार नाही. ते बेकायदेशीर आहे. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आणि त्याखालचे २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम स्पष्ट आहेत. आणि विषानं तर पहिला बळी लांडग्याचा जातो. शिवाय ज्या कुत्र्याला आपणच कचरा घालून वाढवलं, त्याला तडफडून मारण्यात न्याय नाही.

पण त्याच नियमांत एक अडचण आहे, ती राज्य सरकारनं उचलून धरावी. नसबंदी आणि लस झाल्यावर कुत्रं जिथून पकडलं तिथेच सोडायचं, असा नियम आहे. गल्लीतल्या कुत्र्याला ते ठीक. वनजमिनीवर शिकार करून जगणाऱ्या टोळीला नसबंदी करून पुन्हा त्याच माळावर सोडलं, तर पुढची वीण थांबेल, पण तीच कुत्री आणखी कित्येक वर्षं पाडसं आणि कोकरं मारत राहतील. सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२५ मध्ये शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वेस्थानकं अशा ठिकाणची कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला आणि पुन्हा तिथे न सोडायला सांगितलं. म्हणजे काही जागा अशा असू शकतात की जिथे कुत्रं परत सोडणं योग्य नाही, हे तत्त्व मान्य झालं आहे. अभयारण्यं आणि लांडग्याचे, माळढोकाचे गवताळ अधिवास या जागांत यावेत, यासाठी राज्यानं न्यायालयात आणि केंद्राकडे बाजू मांडावी. आजवर या सगळ्या चर्चेत शहरांचीच बाजू मांडली गेली. माळाची बाजू मांडणारं सरकारशिवाय दुसरं कोण आहे?

आणि निवारा बांधायचा, कुत्री धरायची, तर ग्रामपंचायतीच्या भरवशावर ते होणार नाही. नियमानं जबाबदारी स्थानिक संस्थेवर टाकली, पण माळाकडेच्या पंचायतीकडे ना कुत्री धरणारी माणसं, ना गाडी, ना पशुवैद्यक. पाणीपट्टी वसूल करताना ज्यांची दमछाक होते, त्या सरपंचांना दोष देऊन काय मिळणार? हे काम जिल्हा परिषदेनं आणि पशुसंवर्धन खात्यानं तालुक्याच्या पातळीवर उभं केलं पाहिजे आणि वनजमिनीपुरता खर्च वनविभागानं दिला पाहिजे. ऑस्ट्रेलियात, जिथे मेंढपाळीचा धंदा आपल्यापेक्षा कितीतरी मोठा आहे, न्यू साउथ वेल्स राज्याचा २०१५ चा जैवसुरक्षा कायदा रानटी कुत्री-डुकरांचा बंदोबस्त करण्याचं कर्तव्य प्रत्येक जमीनधारकावर टाकतो आणि सरकारी जमीन सांभाळणारी खाती त्यातून सुटत नाहीत. त्यांची विषाची आणि बंदुकीची पद्धत आपण घेऊ नये. जबाबदारीचा नियम मात्र घेण्यासारखा आहे: जमीन ज्याच्या ताब्यात, बंदोबस्त त्यानं करायचा, आणि शेजाऱ्याशी मिळून करायचा.

पोल्ट्रीवाल्यांबद्दल दोन शब्द. तेही शेतकरीच आहेत, बरेचसे कंपन्यांशी करार करून पक्षी वाढवणारे, हातात फार काही न उरणारे. मेलेल्या कोंबड्यांची विल्हेवाट हा खर्च त्यांच्या एकट्याच्या माथी मारून चालणार नाही. पण प्रत्येक शेडमागे झाकणाचा पक्का खड्डा असल्याशिवाय शेडला पंचायतीचा दाखला मिळू नये, आणि ज्या कंपनीचे पक्षी, तिनं त्या खड्ड्याच्या खर्चात वाटा उचलावा. मोठ्या मेलेल्या जनावरांसाठी दर चार-पाच गावांत मिळून एक कुंपण घातलेली जागा ठरवावी, जिथे कुत्री शिरू शकणार नाहीत. वनहद्दीत मांस टाकताना पकडलेल्या गाडीवर तरी वनविभाग आपल्या अधिकारात कारवाई करू शकतो, त्यासाठी दुसऱ्या कुणाची वाट पाहण्याचं कारण नाही.

भरपाईची रक्कम किती असावी यावर मी भांडत बसणार नाही. मेलेल्या जनावरासोबत जखमी आणि गाभ टाकलेल्या मेंढ्याही मोजाव्यात, एवढंच म्हणणं आहे. त्याहून आधी वाड्यांना रात्रीच्या कोंडणीसाठी घडी करून घोड्यावर नेता येईल असं लोखंडी जाळीचं कुंपण द्या. दोरीची वाघर लांडग्याला बिचकवते, टोळीनं आलेल्या कुत्र्यांना नाही. वजन जास्त झालं तर बायामाणसं ते रोज उचलून लावणार नाहीत, म्हणून घेण्याआधी दोन-चार वाड्यांवर वापरून बघा.

माणसांचं वेगळं सांगायला नको. वस्तीवरची पोरं माळातून शाळेत जातात. चावा घेतला तर लस आणि सीरमसाठी किती लांब जावं लागतं, आणि बिऱ्हाड फिरतीवर असताना पुढचे डोस कसे बुडतात, हे आरोग्य खात्यानं एकदा वाड्यावर येऊन विचारावं. पिसाळलेलं कुत्रं चावलेली मेंढी वेगळी बांधायची कुठे, तिला लस कोण देणार, हेही कुणी सांगत नाही. तिची लाळ हाताला लागते ती औषध पाजणाऱ्या बाईच्या.

आमच्या बाजूनं काय करायचं, तेही लिहितो. वाड्यावरची राखणीची कुत्रीही लसीकरणात आणि नसबंदीत आली पाहिजेत. राखणीला ठरावीक कुत्री ठेवावीत, जादा पिल्लं वाढू देऊ नयेत, आणि तळ हलवताना एकही कुत्रं मागे सोडू नये. दिवसा ती चिंकाऱ्याच्या मागे लागतात तेव्हा हाक मारून परत बोलावणं हे राखणाऱ्याचं काम आहे. नात्यागोत्यातल्या वाड्यांवर मी हे बोललो आहे. म्हातारी माणसं आधी नाराज झाली. कुत्र्याची नसबंदी केली तर ते राखण करणार नाही, असा समज आहे. पशुवैद्यकानं वाड्यावर बसून तो दूर केला, तर काम सोपं होईल. माझ्यापेक्षा त्यांचं ऐकतील.

पावसाळ्यात खांडं माळावर असतात. या पावसाळ्यात एका तालुक्यापासून सुरुवात करा. वनपरिक्षेत्र अधिकारी, पशुधन विकास अधिकारी आणि गटविकास अधिकारी अशा तिघांच्या सहीचा एकच आदेश निघावा. त्यात कुत्र्यांच्या हल्ल्याची तक्रार कुणाकडे करायची त्या एका अधिकाऱ्याचं पद आणि फोन नंबर असावा, आणि पंचनाम्याच्या नमुन्यात ‘मोकाट कुत्रे’ असा रकाना घालावा. रकाना घालायला निधी लागत नाही, तो आधी घाला. नोंदी जमल्या की भरपाईचं आणि निवाऱ्याचं गणित आपोआप मांडता येईल. पहिली बैठक तहसीलमध्ये न घेता माळावर घ्या, सकाळी लवकर, मेंढरं सुटायच्या आधी. मेलेल्या कोंबड्या कुठे टाकल्या जातात, कुत्र्यांची वीण कुठल्या चरांत आहे, टोळ्या कुठून कुठे जातात, ते दाखवायला प्रत्येक वाड्यावरून एक माणूस येईल.

आपला,
पुणे जिल्ह्यातल्या एका मेंढपाळ कुटुंबातला